झग्याएवढी वेस

कोरड्या विहिरीतून येणारा खोकला.

शिंप्याच्या ओठांत धरलेली सुई.

दारातून अंग चोरून आडवा आत येणारा प्रधान.

गच्चीवर वाळत घातलेली अंजिरं, आणि त्यांच्यावर एकही माशी नाही.

राजवाडा पुन्हा वीतभर अरुंद झाला होता. एल्नाथान राजाला त्याचं नवल वाटलं नाही.

त्या डोंगरी राज्यात रीतच होती. संदेष्ट्याने येऊन देवाचा इशारा ऐकवला, की तो मानल्याची खूण म्हणून राजाने छातीवरचा झगा फाडायचा. एल्नाथानच्या आजोबांनी ती पाळली नाही. त्यांनी संदेष्ट्याला धोंड्यांखाली घातलं. बापाने आपल्या संदेष्ट्याला विहिरीत उतरवलं, आणि तो अजून तिथे खोकत असे. एल्नाथान भला माणूस. तो झगा फाडायचा, मनापासून आभार मानायचा, वर अंजिरं बांधून द्यायचा. मग हाशूम शिंपी झगा शिवायचा. दर खेपेला शिवणीत थोडं कापड जायचं. झगा जेवढा आवळायचा तेवढाच राजवाडाही आवळायचा, आणि इशारा शिवणीच्या आत राहायचा.

आज पुन्हा नोगा आली. म्हातारी शेळ्या राखायची आणि देव बोलला की डोंगर चढून यायची.

"बसा, नोगाबाई."

"बसायला जागा कुठंय? उभ्यानंच ऐक. तुझा अबीदान उत्तरेच्या वेशीतून लढाईला निघालाय. तो त्या वेशीबाहेर पडला, की परत यायचा नाही."

अबीदान राजाचा एकुलता मुलगा. राजाचा हात गळ्याशी गेला. झगा फाटला, आणि तोच आवाज करत डावीकडची भिंतही उभी फाटली. फटीतून वेशीकडचं मैदान दिसू लागलं. तिथे अबीदान रथाला घोडे जुंपत होता.

"फार उपकार झाले, बाई."

"मागच्या खेपेलाही झाले होते. तुझी अंजिरं खाऊन माझ्या शेळ्यासुद्धा विटल्या."

हाशूम सुई घेऊन पुढे झाला. "महाराज, जरा उजेडाकडे वळा. राजाची छाती उघडी बरी नाही दिसत."

त्याने खालून शिवायला घेतलं. पहिल्या टाक्यासरशी भिंत तळाशी मिटली आणि रथाची चाकं दिसेनाशी झाली. पुढच्या टाक्याला घोडे गेले. आता फटीत अबीदानचं तोंड तेवढं उरलं होतं.

"थांब," राजा म्हणाला.

"होतच आलंय, महाराज."

"दोरा उसव."

हाशूमने उसवला. मग विचारलं, "आता पुढं काय करायचं असतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. फाडल्यानंतरचं काही त्या घराण्यात कुणी कधी केलं नव्हतं.

राजा निघाला. ओसरी त्याच्या खांद्यांएवढीच होती. दोन्ही भिंती त्याला घासत होत्या. उत्तरेची वेसही तेवढीच उरली होती. तो तिच्यात जाऊन उभा राहिला आणि बाहीत हात बसावा तसा बसला. इतक्या अरुंद वेशीतून रथ जाणार कसा, हे कुणी विचारलं नाही. रथही तेवढाच झाला होता.

"बाबा, सरका," अबीदान म्हणाला. "माणसं बघतायत."

"बघू देत."

"त्या शेळीवालीचं ऐकून आलात?"

"हो."

"आजोबांनी तिला विहीर दाखवली असती."

"दाखवली असती. हे तिलाही ठाऊक आहे. तरी आली."

तेव्हा राजाला नोगाचे पाय आठवले. भेगाळलेले, धुळीने भरलेले पाय. धोंडे ठाऊक, विहीर ठाऊक, आणि राजा नुसताच आभार मानणार हेही ठाऊक. तरी ते दर वेळी डोंगर चढले होते. फाटक्या झग्यातून वारा छातीला लागत होता. पहिल्यांदाच राजाकडे तिला द्यायला अंजिरं नव्हती, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण तिचे खरे आभार मानतोय.

"बाबा, मला लगाम आवरत नाहीये."

"मी इथेच आहे."

घोडे पुढे आले. त्यांचे ऊन श्वास राजाच्या उघड्या छातीवर पडले. त्याने डोळे मिटले नाहीत.

रथ राजाच्या अंगावर वेशीतच अडला आणि अबीदान बाहेर पडला नाही. त्याचे केस चाळिशीच्या आतच पिकले.