फळ्याकडे तोंड

शाळेतल्या गमतीजमतींची चित्रं काढण्यात त्या चित्रकाराचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच्या पुस्तकांतल्या बाई ठरलेल्या: डोक्यावर अंबाडा, नाकावर चष्मा, कानांतून वाफ. आणि त्या फळ्याकडे वळल्या रे वळल्या की मागे वर्गात नुसता धुडगूस!

त्याच्या थोरल्या ताईने जन्मभर शाळेत शिकवलं होतं. नव्या पुस्तकाची कच्ची पानं चाळता चाळता ती फणकारली, "दरवेळी आमची पाठच काय काढतोस रे? मागे काय चाललंय ते बाईंना कळत नाही, असं वाटतं तुला?"

"अगं ताई, बाई वळल्याशिवाय पोरं दंगा करणार कधी? अशा पुस्तकांत असंच असतं."

"मोठा शहाणा! पोरं दंगा करतात म्हणून तर आम्ही वळतो."

"म्हणजे?"

"त्यांच्यासमोर हसता येतं का, बाबा?"

चित्रकाराने खोडरबर घेऊन कानांतली वाफ पुसली आणि बाईंच्या पाठमोऱ्या खांद्यांपाशी दोन थरथरत्या रेघा ओढल्या.

ताईने ते पान निरखून पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.