लेखकाचा पार्टनर

निकेत म्हात्रेने एका जुन्या गाजलेल्या कादंबरीचा पार कायापालट केला होता. मूळ गोष्टीत एक सोसणारी मुकी सून होती आणि शेजारचा एक मास्तर, जो तिच्याकडे शेवटच्या पानापर्यंत नुसता बघत राहतो. निकेतने सुनेचा मुलगा केला, खेड्याचा मीरा रोडचा टॉवर केला आणि शेवटी त्या मुलाला गणपतीच्या आरतीत, अख्ख्या सोसायटीसमोर, मास्तरचा हात धरून "हा माझा नवरा" असं ठणकावायला लावलं. वाचक ढसाढसा रडले. समीक्षकांनी "धाडसी" हा शब्द इतक्यांदा वापरला, की निकेतला तो स्वतःलाच लागू आहे असं वाटायला लागलं.

प्रत्यक्षात हा धाडसी माणूस साहिलबरोबर शांती नगरमध्ये कित्येक वर्षं संसार करत होता आणि राई गावातल्या आईबापांना साहिल हा "रूममेट" एवढंच ठाऊक होतं. ते राहायला आले की साहिल बिचारा आपली उशी उचलून हॉलमध्ये झोपायचा. मूळचा रत्नागिरीचा, कमी बोलणारा. पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनाच्या सकाळी शर्टाला इस्त्री करता करता तो म्हणाला, "आज पप्पा येतायत ना तुझे? आज सांग त्यांना. नाही सांगितलंस, तर मी चाललो."

"सांगतो रे," निकेत म्हणाला. त्याला खरंच सांगायचं होतं.

सोसायटीचा हॉल भरला. आधी वडा-चहा झाला, मग क्रांती. "लपून जगायला लावणं ही हिंसा आहे," असं निकेतने माइकवर सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. पहिल्या रांगेत त्याचे वडील पुंडलिकराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसले होते. पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं. मुखपृष्ठावर लेकाचं नाव मोठं होतं, तेवढ्यावर ते खूश होते.

भाषण संपल्यावर निकेतने साहिलला दंडाला धरून वडिलांसमोर उभं केलं.

"पप्पा, हा नुसता रूममेट नाहीये. माझा पार्टनर आहे."

बोलून तर बसला.

पुंडलिकरावांचा चेहरा उजळला. मिठागराची जमीन बिल्डरला दिल्यापासून त्यांनी पार्टनर पुष्कळ पाहिले होते.

"पार्टनर हाय? मंग आदी का न्हाय सांगितलंस? धंदा कसला हाय तुमचा?"

साहिल निकेतकडे बघत राहिला. आता फक्त एक वाक्य हवं होतं, आणि ते वाक्य निकेतने स्वतः लिहून छापलं होतं. पण बापाला इतकं खूश त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पुस्तकांचा," तो म्हणाला.

"बेस! पन भागीदारीत लय भांडनं होतात, सांगून ठेवतो."

"नाही होणार, काका," साहिल शांतपणे म्हणाला. "आम्ही आजच वेगळे होतोय."

त्याने वाकून पुंडलिकरावांच्या पायाला हात लावला, दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

निकेत दोन पावलं पुढे झाला, तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीने पुस्तक समोर धरलं. "सर, हे वाचून मी काल घरी सगळं सांगून टाकलं! सही द्या ना. 'समिधाला, हिमतीबद्दल' असं लिहा."

निकेत थांबला. त्याने सही दिली.

पुंडलिकराव अजून दाराकडेच बघत होते. "पोरगा चांगला होता रे," ते म्हणाले. "तुज्या जागी मी आसतो तं जाऊ दिला नसता."