ओळखीची काडतुसं

आखातातल्या अल ऐन शहराच्या बाहेर एका हॉटेलच्या मागे नेमबाजीची रेंज होती. तिथलं मशीन मातीच्या ताटल्या आकाशात फेकायचं आणि गिऱ्हाइकांनी त्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या, अशी कल्पना होती. बहुतेक ताटल्या वाळूवर सुखरूप उतरत. गिऱ्हाइकाच्या शेजारी उभं राहून "व्हेरी क्लोज, सर" म्हणायचं काम वसईच्या जोकिमकडे होतं.

त्याच्याकडे आणखी एक काम होतं. नवा माल आला, की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्यातली काही काडतुसं जोकिमने स्वतः उडवून पाहायची. हा नियम एका जुन्या मॅनेजरने केला होता. नियम करून तो मायदेशी निघून गेला. जोकिम राहिला, आणि अजून दोन्ही डोळे आणि दहाही बोटांसकट राहिला होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात काडतुसांचा नवा माल परवान्यासाठी बंदरात अडकला. शुक्रवारी एका मोठ्या कंपनीची पिकनिक ठरलेली. नवे मॅनेजर हनीफसाब म्हणाले, "जोकिम, कहीं से भी लाओ. इन्शाल्ला हो जाएगा." हनीफसाबनी इन्शाल्ला म्हटलं, की ते काम जोकिमचं झालं असं समजायचं.

बातमी फिरली आणि मंगळवारी कुणा डेन्झिलचा फोन आला. तो शारजाकडच्या कुठल्याशा क्लबात ड्रायव्हर होता.

"रिलोडेड माल आहे, अंकल. वापरलेली टरफलं पावडर-छर्रे घालून परत भरलेली. एकदम नव्यासारखी. रेट पण अर्धा."

जोकिम अशा बाबतीत पक्का होता. "हे बघ, अनोळखी माणसाकडून मी असला माल घेत नाही. आधी घरी ये."

डेन्झिल संध्याकाळी घरी आला. येताना नमुन्याचा डबा आणि केक घेऊन आला. डबा बिस्किटांचा होता. त्यावर बिस्किटांचं वजन आणि शेवटची तारीख छापलेली होती; आतल्या काडतुसांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. जोकिमच्या बायकोने, रोझलिनने, चहा ठेवला आणि चौकशी सुरू झाली.

"गाव कुठलं रे तुझं?"

"निर्मळजवळ, आंटी."

"जवळ म्हणजे? तळ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

"मग ती कॉयरमध्ये गाणारी हेझल तुझी कोण?"

"मावशी. सख्खी."

"अरे देवा! जोकिम, हेझलचा भाचा!" रोझलिनने केक कापला. "तिचा नवरा घोरतो अजून?"

"आता झोपताना नाकाला मशीन लावतात, आंटी."

चौकशी कडक झाली. आजोबांची केळीची वाडी, थोरल्या काकाचं मोडलेलं लग्न, धाकट्या बहिणीचं बाळंतपण, कशातूनही डेन्झिलला सुटका मिळाली नाही. त्याने पाकिटातले बायकोमुलांचे फोटोही दाखवले. दुसऱ्या दिवशी जोकिमने हनीफसाबना सांगितलं, "सर, माल की पूरी इन्क्वायरी की है. खानदानी है."

गुरुवारी सकाळी डेन्झिल सगळे डबे व्हॅनमध्ये घालून रेंजवर आला. नियमाप्रमाणे जोकिमने चष्मा लावला, कानांवर आवाज अडवणारी डबडी चढवली आणि पहिलं काडतूस उडवलं. ठीक होतं. दुसरं उडवलं, तेव्हा बंदुकीने खांद्यावर अशी लाथ घातली, की जोकिम दोन पावलं मागे, हनीफसाबच्या बुटावर आला.

"स्ट्राँग है," हनीफसाब बूट पुसत म्हणाले. "वेरी गुड."

तिसऱ्याला मात्र नुसतं फुस्स झालं. दिवाळीत ओल्या फटाक्याचं होतं तसं. चार-दोन छर्रे नळीतून घरंगळून वाळूवर पडले.

"यल्ला, अगला डालो," हनीफसाब म्हणाले. "टाइम नहीं है."

जोकिमने पुढचं काडतूस हातात घेतलेलं होतं. ते त्याने खिशात टाकलं. थोडा वेळ नळी वाळूकडेच धरून ठेवली, मग बंदूक मधल्या बिजागरीवर उघडून रिकामं टरफल काढलं आणि मागच्या बाजूने नळीत पाहिलं. पलीकडे आकाश दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं. छर्ऱ्यांखालचं प्लॅस्टिकचं बूच मधेच अडकून बसलं होतं. बरोबर तिथे, जिथे बाहेरून त्याचा डावा पंजा असतो.

"सर, अगला डालता, तो नली यहाँ से फटती," जोकिम म्हणाला. "केले के छिलके जैसी. और ये हाथ खलास."

हनीफसाब त्याच्या हाताकडे नीट पाहू लागले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

"डेन्झिल, पावडर कुठली घातलीयस?"

"चांगलीच असेल, अंकल."

"असेल म्हणजे? भरली कोणी?"

"रूममेटने. पण माणूस एकदम सज्जन आहे हां. रोज अंघोळ करतो, कुणाशी भांडण नाही."

"एका काडतुसात किती घालतो?"

"ते मी कसं विचारणार, अंकल? त्याला वाईट वाटेल."

जोकिमने गज घालून बूच पाडलं, नळी आरपार दिसते ना ते पाहिलं आणि रिकामी बंदूक अदबीने पुढे केली. "घे. पुढचं तू उडव. पाहुणा आहेस, पहिला मान तुझा."

"नको, अंकल."

"अरे, संकोच काय? घरचाच माल आहे."

"नको म्हटलं ना! माझी बायकोमुलं आहेत!" डेन्झिल तोवर व्हॅनच्या मागे गेला होता. आवाज तिथूनच आला.

हनीफसाबना मराठी येत नव्हतं, पण एवढं मराठी त्यांना कळलं. त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावून उद्या नेमबाजीऐवजी रस्सीखेच असल्याचं कळवलं. आरोग्याला रस्सीखेच फार चांगली, असंही सांगितलं.

व्हॅनमागून डेन्झिल सावकाश बाहेर आला आणि डबे उचलायला लागला. "ठीक आहे, अंकल. राग नाही. अबू धाबीला एक पार्टी आहे, त्यांना देतो."

"ती पार्टी ओळखीची आहे?"

"नाही. फोनवरच बोललोय."

"मग डबे इथेच राहू दे." जोकिमने त्याच्या हातातला डबा काढून घेतला, खिशातलं काडतूस त्यात टाकलं आणि झाकण लावलं. "पोलिसांना बोलावून त्यांच्या ताब्यात देतो."

डेन्झिलचा चेहरा पडला. "पोलीस? अंकल, आपण एका गावचे! निदान तिथे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

"कोणीच नाही," जोकिम म्हणाला. "म्हणूनच त्यांना देतोय. ते पावडरबद्दल विचारतील."