शंकर नगरचा तापट मालक

सत्यभामाआत्या गेली आणि तिचं रायपूरच्या शंकर नगरातलं घर भाच्याच्या, निरंजनच्या नावावर आलं. निरंजन नाशिकला विमा कचेरीत. घराच्या पुढच्या भागात आत्याचे जुने भाडेकरू देवीदास मेश्राम आणि त्यांची बायको वनमाला. मागची खोली कुलूपबंद. देवीदास आत्याच्या तेराव्याला निरंजनला भेटले होते, वनमालाबाई तेव्हा माहेरी होत्या. पुढचा सगळा कारभार फोनवर.

मग छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून साहेबलोक बिऱ्हाडासकट येऊ लागले. दलाल नाशिकला फोन करत, घर रिकामं करून द्या, मागाल ते भाडं मिळेल. बायको शर्मिष्ठाही रोज तेच म्हणू लागली. शेवटी निरंजनने वकिलाकडून नोटीस टाइप करून घेतली आणि तो गाडीत बसला.

तसा तो भिडस्त. दुकानदाराने फाटकी चादर गळ्यात मारली, तरी परत करायला शर्मिष्ठेला पाठवायचा. रायपूर येईपर्यंत त्याने बोलायची वाक्यं पंचवीसदा घोकली.

फाटकावर पाटी होती: 'मकान खाली नहीं है. मालिक गुस्सैल हैं.'

वनमालाबाईंनी दार उघडलं, त्याची बॅग बघितली आणि जागा नाही म्हणून सांगितलं. मराठी माणूस आहे कळल्यावर मात्र बसवून पाणी दिलं. नाव सांगायची हीच वेळ होती, पण घोकलेलं सगळं विसरून निरंजनने विचारलं, मालक कसे आहेत?

"नाशिकले राहते. लय खतरनाक माणूस. एका भाडेकरूचं सामान त्यानं पलंगासकट रस्त्यावर फेकलं. आमच्या ह्यांना तर फोनवरच घाम फुटते."

निरंजनला आयुष्यात कोणी खतरनाक म्हटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. तो आणखी खोदून विचारणार, तेवढ्यात सदर बाजारातून देवीदास आले आणि त्याला बघून दारातच थबकले. "निरंजनभैया, कधी आले?"

वनमालाबाई आत गेल्या आणि पोहे घेऊन बाहेर आल्या. लाजल्या वगैरे नाहीत. दिवसाला पाच-पाच दलाल येतात, एकाने तर मागच्या खोलीचं कुलूप तोडून जागा आपण घेतल्याचं साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी हा मालक तयार केला. तेव्हापासून कुलपाला कोणी हात लावला नव्हता.

मग पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "खरं सांगा. आम्हाले काढाले आले का?"

"हो," निरंजन म्हणाला. "त्यासाठीच आलो होतो."

देवीदास पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत राहिले. इतक्यात फाटक वाजलं. दलालच होता. मालक घरातच आहेत तर त्यांनीच बघावं, असं वनमालाबाईंनी सुचवलं.

निरंजन छाती काढून बाहेर गेला. आवाज चढवायला गेला तर ठसका लागला. मग त्याने दलालाला उन्हातून आल्याबद्दल पाणी विचारलं. पाचव्या मिनिटाला तो पायरीवर बसला होता आणि दलाल त्याच्या खांद्यावर हात ठेवून उद्याच घर दाखवायला साहेबांना आणतो म्हणत होता. निरंजन मान डोलावत होता.

वनमालाबाई दारात आल्या. "ये तो छोटे भैया हैं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बड़े वाले शाम की गाड़ी से आ रहे हैं."

दलालाने खांद्यावरचा हात काढला आणि पाणी न पिताच निघून गेला. निरंजनला हसू आवरेना. हसता हसताच त्याने सांगितलं, तुम्ही इथेच राहा, आणि मागच्या खोलीला माणूसही तुम्हीच बघा. वनमालाबाईंनी स्वतःचं भाडं आपणहून थोडं वाढवलं. त्यांनी आकडा बदलायच्या आत निरंजन हो म्हणाला. नोटीस त्याने बॅगेतून काढलीच नाही.

पंधरा दिवसांनी पद्मिनी नावाची नर्स मागच्या खोलीत राहायला आली. वनमालाबाईंनी तिची दीड तास उलटतपासणी घेतली होती.

शर्मिष्ठा दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने जाब विचारायला रायपूरला फोन लावला. वनमालाबाईंनी उचलला. दोघी पाऊण तास बोलल्या, आणि त्यानंतर घराबद्दल निरंजनला कोणी काही विचारलं नाही.