चौथी दांडी

त्या घरातली बाथरूम चार फूट बाय पाच फूट होती, आणि दार आत उघडत असल्यामुळे त्यातली निम्मी जागा दारालाच लागायची. उरलेल्या जागेत नळ, बादली, मग आणि आंघोळ करणारा माणूस एवढं मावत असे, फक्त माणसाने हात फार पसरायचे नाहीत. टॉवेलसाठी भिंतीवर दोन फुटांची एकच दांडी. तिच्यावर घरातल्या तिघांचे तीन टॉवेल एकावर एक. सगळ्यात खालचा मुलीचा. तो कधीच वाळायचा नाही, त्यामुळे टॉवेल ही मुळात ओलीच वस्तू असते अशी तिची समजूत होती.

घरचा कर्ता माणूस फिटर होता, आणि तोही कसला, तर अॅम्ब्युलन्सचा. कारखान्यात रिकामी गाडी यायची आणि तो तिच्यात स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, औषधांचे खण, सलाइनचे हुक असं सगळं बोटभर जागासुद्धा वाया न घालवता बसवायचा. बाकीचे फिटर अडले की त्याला बोलावत. घरी मात्र दिव्याखाली अंधार. टॉवेलचं काहीतरी करा, असं बायको अकरा वर्षं सांगत होती. तो "बघू" म्हणायचा, आणि खरोखरच अकरा वर्षं बघत होता.

मग सासूबाई आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून आल्या, त्याला आता दोन महिने झाले होते.

सासूबाईंनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं काम केलं होतं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच दिवशी त्यांनी जावयाचा स्क्रूचा डबा जमिनीवर ओतला आणि सगळे स्क्रू लांबीप्रमाणे, जाडीप्रमाणे लावून ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याने डबा उघडला. आपल्यासाठी इतकं प्रेमाचं काम आजवर कोणी केलं नाही असं त्याला वाटलं, पण हे बायकोसमोर बोलून दाखवण्याइतका तो भोळा नव्हता. त्यानंतर रोज संध्याकाळी जावई आणि सासूबाई बाल्कनीत बसून काही ना काही उघडत. मिक्सर झाला, इस्त्री झाली, शेजाऱ्यांचा पंखा झाला. तासाभरात दोघांची मिळून चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन पान्याबद्दल.

सासूबाईंनी परत जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं. समोर दिसतंय ते सांगायचं कशाला, असा त्याचा हिशेब. दिसत कोणालाच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आता घोडं पेंड खात होतं ते टॉवेलपाशी. सासूबाईंचा टॉवेल निवृत्तीच्या वेळी कारखान्याने दिलेला. चादरीएवढा, आणि जाड तर असा की वाळायला दोन दिवस घ्यायचा. दांडीवर त्याला जागा नव्हती. सुरुवातीला तो बाल्कनीतल्या खुर्चीवर असायचा. एकदा वाऱ्याने उडून तो खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या डोक्यावर पडला, आणि बाई तो परत द्यायला आल्या तेव्हा बऱ्याच मोकळेपणाने बोलल्या. त्या दिवसापासून टॉवेल दिसेनासा झाला.

एका दुपारी जावई पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढत होता, तेव्हा त्याला कुबट वास आला. सासूबाईंच्या बॅगेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओला टॉवेल नीट घडी करून ठेवलेला होता. पुढच्या स्टेशनावर उतरायचं असलेला प्रवासी ठेवेल तसा. त्याला लाज वाटली. दुसऱ्यांच्या गाड्यांत आपण कात्रीलासुद्धा जागा करतो आणि आपल्या घरात या बाईंना टॉवेल टाकायला जागा नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं.

दुसरा कोणी असता तर सासूबाईंशी बोलला असता. याने टेप काढला.

त्याच्या कामाची एक पद्धत होती. जी वस्तू बसवायची तिचं माप तीनदा घ्यायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि काम पुरं होईपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही. त्याप्रमाणे सासूबाई दुपारी पडल्या की तो हलकेच बॅग उघडायचा, टॉवेलची लांबी-रुंदी घ्यायचा, कागदावर टिपायचा आणि बॅग बंद करायचा. सासूबाई झोपलेल्या नसत. नुकत्याच दुरुस्त झालेल्या डोळ्याने त्या पाहत असत, की जावई टेप घेऊन आपल्या बॅगेची मापं काढतोय.

त्याच आठवड्यात जेवताना मुलीने दप्तर ताटाशेजारी ठेवलं. बापाच्या डोक्यात टॉवेल घोळत होता. तो म्हणाला, "आमच्या कारखान्यात एक नियम आहे. ज्याला ठरलेली जागा नाही, ते गाडीत राहत नाही."

सासूबाईंनी वाढायला घेतलेला भात परत भांड्यात ठेवला. शुक्रवारी त्यांनी मुलाला फोन केला.

शनिवारी सकाळी बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "उद्या दादा येतोय आईला न्यायला. झालं तुमच्या मनासारखं?"

"माझ्या?"

"आई म्हणाली, जावईबापू स्पष्ट काही बोलले नाहीत, पण मापं काढतायत. किती जागा अडवते मी, ते बघतायत."

इथे खरं तर एक वाक्य पुरलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण ज्या माणसाने अकरा वर्षांत बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा बल्ब बदलून दिल्या, त्याच्या तोंडून एकदम असं वाक्य कुठून निघणार? "उद्या किती वाजता?" एवढंच त्याने विचारलं. बायकोने हातातलं झाकण आपटलं.

तो कारखान्यात गेला आणि त्या मापांवरून करायला घेतलेली टॉवेलची रॅक पुरी करूनच आला. रविवारी सकाळी सात वाजता त्याने ती बाथरूममध्ये दाराशेजारच्या भिंतीवर बसवली. काम देखणं होतं. चार दांड्यांची चौकट, मिटली की भिंतीला चिकटून तीन बोटं जाड, ओढली की शिडीसारखी पुढे येणारी. खड्ड्यांत गाडी आपटली तरी खण उघडू नये म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये जी खटकी लावतात, तीच त्याने इथे लावली होती. उघडली की घट्ट, मिटली की घट्ट. आईंनी नुसतं बघावं, म्हणजे बोलायला नको, असा त्याचा बेत होता.

सासूबाई निघण्याआधीच्या आंघोळीला आत गेल्या. तेवढ्यात मेहुणा आला. त्याच्या घरी दोन बाथरूम होत्या, आणि ही गोष्ट तो कुठल्याही विषयातून काढू शकत असे. आल्या आल्या रहदारीबद्दल बोलता बोलता त्याने ती काढली.

मग आतून कडी निघाल्याचा आवाज आला, दार चार बोटं उघडलं आणि ठण् करून थांबलं.

रॅक उघडी होती. तिच्यावर भिजलेला, चादरीएवढा टॉवेल होता. त्या वजनाने खटकी अशी बसली होती की हलायला तयार नाही, आणि उघडलेली चौकट बरोबर दाराच्या आड आली होती. फिटरने रॅकचं माप तीनदा घेतलं होतं, टॉवेलचं तीनदा घेतलं होतं. दार किती आत येतं याचं माप एकदाही घेतलं नव्हतं, कारण अॅम्ब्युलन्सची दारं बाहेर उघडतात.

"खटकी दाबा, आई."

"दाबली. तुमच्या गाडीतला पेशंट दगावेल, पण ही सुटायची नाही."

"आई, घाबरू नकोस!" मेहुणा ओरडला. "म्हणून मी म्हणतो, आमच्याकडे दोन—"

"दादा, गप्प बस," बायको म्हणाली.

सासूबाई कपडे घालून तयार होत्या, एवढं बरं. जावयाने फटीतून स्क्रू-ड्रायव्हर आत सरकवला. "रॅकला मागे चार स्क्रू आहेत. ते काढले की रॅक सुटेल. पाच मिनिटांचं काम."

"मागे कुठे?"

"दांड्यांच्या टोकाशी. पेन्सिलने लिहिलंय, त्याच्या खाली."

आत सासूबाई वाकून ते वाचू लागल्या. लिहिलं होतं ते कामाच्या सवयीने लिहिलं होतं. प्रत्येक दांडीशी एक नाव आणि तिचं माप सेंटिमीटरमध्ये. छोटी, पन्नास. मी, साठ. ही, साठ. आणि सगळ्यात खाली, जिथे हवा जास्त लागते तिथे, सगळ्यांत लांब दांडीशी: आई, ऐंशी.

बाहेर सगळे वाट पाहत उभे होते. मेहुण्याने घड्याळ पाहिलं.

"जावईबापू," आतून आवाज आला. नेहमीपेक्षा बारीक होता. "हातोडी द्या."

"स्क्रूला हातोडी कशाला?"

"द्या म्हटलं ना."

त्याने हातोडी दिली. ठक् ठक् सुरू झालं. त्याने कान दिला आणि चपापला. आवाज रॅकच्या बाजूने येत नव्हता. "आई, तिथे नाही. ती दाराची बिजागरी आहे."

"माझं ऑपरेशन झालंय. मला दिसतंय काय आहे ते."

त्यांनी बिजागऱ्यांच्या तिन्ही खिळी काढल्या. पाच मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत झालं. मग जावयाने बाहेरून रेटलं, सासूबाईंनी आतून धरलं, आणि दार चौकटीतून तिरकं होऊन निघालं. ते भिंतीला टेकवून सासूबाई बाहेर आल्या. रॅकचा एक स्क्रूही हलला नव्हता. त्यांचे डोळे लाल झाले होते; साबण गेला, असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं.

मेहुण्याने बॅग उचलली. "चल आई, उशीर झाला."

"अशी कशी येऊ? बाथरूमला दार नाही यांच्या. दार बसलं की बघू."

"आई, माझ्याकडे दोन बाथरूम आहेत. दोन्हींना दारं आहेत."

"मग तुझं छान चाललंय की रे," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातातून बॅग घेऊन आत ठेवायला गेल्या.

जावई तोवर चौकटीपाशी उभा होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन चौथ्या दांडीपाशी वाकून पाहिलं, आणि बाहेर येऊन त्याला म्हणाली, "तुम्ही ना, बावळट आहात अगदी." अकरा वर्षांत ती हे पुष्कळदा म्हणाली होती, पण या वेळी तिने त्याचा दंड धरला होता.

याला आता आठ महिने झाले. बाथरूमला सासूबाईंनी शिवलेला जाड पडदा आहे, आणि आत जाणाऱ्याने गाणं म्हणायचं असं ठरलंय. मुलीचा टॉवेल वाळतो. पहिल्यांदा वाळला तेव्हा तिला तो खराब झाला असं वाटलं होतं. दार बाल्कनीत उभं आहे. ते बसवायला एका फिटरला अर्धा तास लागतो. मेहुणा दर महिन्याला फोन करून विचारतो, झालं का. जावई सांगतो, मापं चालू आहेत.

आणि ते खोटं नाही. दर रविवारी सकाळी तो चौकटीचं माप घेतो. टेपचं दुसरं टोक सासूबाई धरतात.