क्लाइव्हच्या खिडकीतली वर्तुळं

“कुत्रा दमलाय की तू?” ग्लेनिसने दारातूनच विचारलं.

नॉर्मन टपहोम दचकला. तो क्लाइव्ह ओड्लिंगच्या फाटकापाशी केव्हाचा उभा होता आणि कुत्रा बिचारा पुढे जायला ओढत होता. “कुत्राच. म्हातारा झालाय,” असं म्हणून ग्लेनिसला, क्लाइव्हच्या बायकोला, हात करत तो चालता झाला. खरं तर तो खिडकीकडे बघत होता. काचेला आतून प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली होती आणि तिच्यात लाल-पांढरी-निळी वर्तुळं होती.

आमच्या लाउथ गावच्या, छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या मॉडेल क्लबात अशा पिशवीचा अर्थ कुणीही सांगेल. विमानाच्या सुट्या भागांच्या जुन्या खोक्यात हवाई दलाच्या खुणांचे, पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर असतात. पडून पडून ते पिवळे होतात. मग ते उन्हाच्या खिडकीला लावायचे, पिवळेपणा उडतो. पण रोज नजर ठेवावी लागते, नाहीतर खरे रंगही उडतात. इंग्लंडातलं ऊन ते केवढं, पण विसरलात तर तेवढंही पुरतं.

वर्तुळांच्या मापावरूनच नॉर्मनने ओळखलं की क्लाइव्ह सन्डरलंड करतोय, पाण्यावर उतरणारं ते मोठं पांढरं विमान. आणि त्याच्या पोटात जुनं दुखणं उठलं.

दोघं एकाच गल्लीत वाढले. नॉर्मनच्या वाट्याला यायचं ते बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान. काड्या कापायच्या, वर पातळ कागद ताणायचा, त्यावर उग्र वासाच्या रोगणाचा हात द्यायचा. आई ओरडायची, “टेबलावरून काढ ते, पुडिंगला वास लागतो!” एवढं करून ते एकदाच उडायचं आणि कुंपणात घुसायचं. क्लाइव्हला मात्र वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या विमानाचं मोठं खोकं मिळायचं. त्याच्या झाकणावर ढग, लाटा आणि तोफांचा धूर असायचा. “तू झाकण धर,” क्लाइव्ह म्हणायचा. नॉर्मन झाकण धरून बसायचा आणि नव्या पुठ्ठ्याचा, गोंदाचा वास घ्यायचा. त्या वासाने त्याला अजूनही कसंसं होतं.

पुढे नॉर्मन बसडेपोत रंगारी झाला आणि क्लाइव्ह विमा कंपनीत साहेब. दर शरदात क्लबाची जुन्या विमानांची स्पर्धा होते. क्लाइव्ह पहिला, नॉर्मन दुसरा, हे ठरलेलंच. पहिल्याला कप देतात, दुसऱ्या नंबरला चिनी मातीची बशी. नॉर्मनकडे इतक्या बश्या जमल्यात की अख्ख्या क्लबाला त्यांतून केक वाढता येईल.

यंदा त्यानेही गुपचूप सन्डरलंडच घेतलं होतं. रात्रंदिवस त्याचे जोड घासत होता. आणि रोज कुत्र्याला घेऊन ती खिडकी बघून येत होता.

जून गेला, जुलै गेला, पिशवी तिथेच. पिवळेपणा कधीच उडाला होता. आता निळा राखेसारखा व्हायला लागला, लाल विटला. एका शब्दाने काम झालं असतं. नॉर्मनने तो शब्द काढला नाही. घरी येऊन चहात एक चमचा साखर जास्त घालायचा, एवढंच.

ऑगस्टच्या शेवटी खाटकाच्या दुकानात ग्लेनिस भेटली.

“काय गं, क्लाइव्ह स्टिकर काढत नाही ते?” न राहवून त्याने विचारलं.

“म्हणतो, अजून पिवळेच आहेत. काल माझ्यावर खेकसला, चादरी पिवळ्या का ठेवल्यास म्हणून.” तिने आवाज खाली आणला. “मोतीबिंदू झालाय रे, सगळं पिवळंच दिसतं त्याला. आणि मागचा पडदाही गेलाय. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढूनही फारसं दिसणार नाही. क्लबात बोलू नकोस हं. त्याला हे शेवटचं एक करायचंय.”

नॉर्मनला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण घरी पोचेपर्यंत त्या वाइटाला जळफळाटाने गाठलंच. आता सगळे हळहळणार आणि कप पुन्हा त्याच्याच घरी जाणार!

स्पर्धेच्या दिवशी चॅपलच्या हॉलमध्ये क्लाइव्हचं विमान टेबलावर आलं आणि सगळे वाकून बघायला लागले. विमानाच्या खिडक्यांवर गोंदाचे ठसे होते, वर्तुळं मेल्या रंगाची; त्याची नजर गेलीय हे कुणी न सांगताच कळलं. आमचा अध्यक्ष मर्व्हिन नॉर्मनच्या कानाशी लागला, “यंदाही त्यालाच देऊ या का रे? बिचारा!”

“बिचारा?” नॉर्मन उसळला. “जन्मभर पहिला आला, आता बिचारेपणातही पहिलाच का?”

हे जरा मोठ्यानेच झालं. क्लाइव्ह टेबलाच्या कडेला हात लावत लावत आला. एकेका विमानावर बोट फिरवत होता. नॉर्मनच्या सन्डरलंडपाशी थांबला. पंखाच्या मुळाशी बोट नेलं, परत नेलं.

“बोटाला जोडच लागत नाही,” तो म्हणाला. “हे नॉर्मनचं. कप ह्याला द्या.”

“कशावरून?” मर्व्हिनने विचारलं.

“इतकं घासायला माणूस कुणावर तरी जळत असावा लागतो, बाबा.”

हॉल हसला, टाळ्या पडल्या. कप नॉर्मनच्या हातात आला. त्याने क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्ह विमानाकडे बघत होता, पण नजर विमानाच्या थोडी बाजूला पडत होती. ज्या एका माणसाने हे बघावं आणि जळावं म्हणून नॉर्मन इतके महिने राबला, त्याला ते दिसतच नव्हतं. कप कुठे ठेवावा हे नॉर्मनला सुचेना.

“बस,” क्लाइव्हने खुर्ची चाचपून पुढे केली. “रंग सांग. पांढरा कसला दिलायस?”

“किंचित करडा. खाऱ्या पाण्याने मळलेला असतो ना, तसा.”

“शाबास. आणि माझी वर्तुळं? गेला का पिवळेपणा?”

“गेला.”

“आणि निळा? निळा कसा निघाला?”

शेजारी उभ्या ग्लेनिसने मान खाली घातली. नॉर्मनने आपल्या विमानाकडे पाहिलं आणि त्याच्यावरचा निळा तो क्लाइव्हला सावकाश सांगायला लागला.