माल सुटल्याची तारीख

काटेकोर स्टुलावर चढला आणि तिथे नसलेलं खोकं शोधू लागला.

खाली टेबलाशी कस्टमच्या अधिकारी बाई बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी कंपनीच्या मालकीणबाई. दोघींची नजर आपल्या पाठीवर आहे हे त्याला न बघताही कळत होतं. त्याने वरच्या फळीवरचं एकेक खोकं पुढे ओढलं, वरची चिठ्ठी वाचली, मागे सरकवलं. एका खोक्याची चिठ्ठी तर दोनदा वाचली. शोधायचं नाटक किती वेळ करावं याचा काही नियम नव्हता. जे खोकं हवं होतं त्यातले कागद तीन महिन्यांपूर्वी त्यानेच यंत्रात घालून त्यांचा भुगा केला होता.

काटेकोर हे त्याचं नाव नव्हे, पण ऑफिसात दुसऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे. कंपनी शिलाई मशीनच्या सुया आणि सुटे भाग परदेशातून मागवायची. आलेल्या प्रत्येक मालाचे कागद, म्हणजे कस्टमला दिलेलं बिल ऑफ एंट्री, पॅकिंगची यादी, पुरवठादाराची पत्रं, सगळं एका खोक्यात बांधून पाच वर्षं जपायचं असा नियम होता. कस्टमने कधीही यावं आणि मागावं. काटेकोर ते जपायचा, आणि पाच वर्षं भरली की दुसऱ्याच दिवशी त्यांची विल्हेवाट लावायचा. शेजारच्या ऑफिसात दहा-दहा वर्षांची रद्दी साठलेली पाहून तो हसायचा. तारीख न घातलेला कागद कोणी पुढे केला, तर त्याला अख्ख्या ऑफिससमोर सुनवायचा. नाकाने कांदे सोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

आणि चुकला तो तारखेतच. खोक्यावर तो जहाज लागल्याची तारीख घालायचा. जहाज लागलं की चार दिवसांत माल सुटायचा, त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नाही. हा एकच माल मात्र, तेव्हा बाजार थंड होता म्हणून, कस्टमच्या कुलपाखालच्या गोदामात अकरा महिने पडून राहिला आणि मग सोडवला गेला. पाच वर्षं मोजायची ती माल सुटल्यापासून. काटेकोरने मोजली जहाजापासून. अधिकारी बाईंनी आज मालाचा नंबर वाचला, तेव्हा कुठे ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"नाहीये का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? तुमच्या कपाटात?"

तो स्टुलावरून उतरला. हात झटकले. आणि अगदी सहज, वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं, तो बोलून गेला.

"गुरुजींच्या काळात गेलं असणार. जाताना त्यांनी बरंच जुनं काढून टाकलं होतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. अधिकारी बाईंनी मान डोलावली, परवापर्यंत शोधायला सांगितलं, आणि नाहीच सापडलं तर कोणाच्या हातून कसं गेलं ते लेखी द्या म्हणाल्या. त्या गेल्यावर तो मोरीत गेला. नष्ट केलेल्या खोक्यांची यादी त्याच्याच अक्षरात होती. ती त्याने बारीक फाडली आणि पाण्यात सोडली. वर आरसा होता. त्यात न बघता त्याने हात धुतले.

गुरुजी म्हणजे त्याच्या आधीचे दप्तरदार. सव्वीस वर्षं त्यांनी ही कपाटं सांभाळली आणि दीड वर्षापूर्वी घरी बसले. काटेकोर बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली होता; खोक्याला दोरी कशी बांधावी, गाठ कुठे यावी, इथपासून त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आता ते कुठे काही बोलायला येणार आहेत, त्यांना कोण विचारणार आहे, असं तो दोन दिवस स्वतःला समजावत राहिला. चूक झाली याची त्याला लाज वाटत होतीच. पण त्याहून जास्त बोचायचं ते गुरुजींवर ढकललेलं वाक्य.

मालकीणबाईंनी गुरुजींना विचारलं. नुसतं विचारलं नाही, बोलावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काटेकोर केबिनमध्ये शिरला, तर गुरुजी खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पाठीशी त्यांची सून उभी होती. अधिकारी बाईही आल्या होत्या. काटेकोरला पाहून गुरुजी उठायला लागले.

"बस रे, बस," उभे राहता राहता तेच म्हणाले. "माझ्यामुळे तुझी फार धावपळ झाली म्हणे."

काटेकोर दाराशीच उभा राहिला.

"गुरुजी, आठवतंय का काही?" मालकीणबाईंनी मऊ आवाजात विचारलं.

"आठवत नाही हो. पण हा म्हणतोय म्हणजे असणार. हल्ली माझ्या हातून होतं असं. परवा घरात पाण्याचा नळ तसाच सोडला." ते सुनेकडे वळले. "हो ना गं?"

गुरुजींनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. 'माझ्या हलगर्जीपणामुळे,' एवढं त्यांनी त्यांच्या त्या जुन्या, एकसारख्या अक्षरात लिहिलं. मग पेन वरच्या कोपऱ्याशी नेलं आणि थांबले. इकडे तिकडे पाहिलं. शेवटी मान वर करून काटेकोरला हळूच विचारलं,

"आज तारीख काय रे?"

काटेकोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पुढे होऊन तो कागद हाताखाली दाबला.

"लिहू नका गुरुजी. ते खोकं मी नष्ट केलं. तीन महिन्यांपूर्वी. मी जहाजाची तारीख धरली, माल सुटल्याची नाही. तुमचा काही संबंध नाही."

मालकीणबाई हसल्या, आणि ते हसू मायेचं होतं.

"तुम्ही? तारखेत चुकलात? बाहेर जाऊन कोणालाही सांगा, विश्वास ठेवला तर माझं नाव बदला."

"खरंच चुकलो. नष्ट केल्याची यादीही होती."

"दाखवा मग."

"ती फाडली मी."

"झालं," मालकीणबाई अधिकारी बाईंना म्हणाल्या. "गुरूसाठी किती करतात बघा. आजकाल कोण करतं?"

"मी लिहून देतो. सही करतो."

"मला कंपनीकडून एक कागद हवा," अधिकारी बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "सही कोणाची ते तुम्ही ठरवा. दंड कंपनीला होईल, आणि वर्षभर तुमचा प्रत्येक माल उघडून तपासला जाईल. त्यात काही बदलणार नाही."

गुरुजींनी त्याचा हात हलकेच बाजूला केला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. हे मी तुला शिकवलं नाही."

"यांनी लिहिलेलंच असू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "यांना आता कोण काय करणार आहे? तुम्हाला मात्र उद्या पुन्हा कस्टमसमोर बसायचंय." त्यांनी तारीख सांगितली. गुरुजींनी ती घातली, अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि सही केली. बाहेर पडताना मालकीणबाईंनी काटेकोरच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला दिवसभर सोसवली नाही.

गुरुजींना खाली बाकावर बसवून सून जिन्याने परत वर आली. काटेकोर पहिल्याच वळणावर कठडा धरून उभा होता.

"दादा, मघाशी म्हणालात ते खरं ना?"

"खरं."

"वाटलंच मला. बोलताना तुम्ही बाबांकडे बघत नव्हता."

"मी घरी येऊन त्यांना पुन्हा सांगतो. नीट पटवतो."

"पटवाल हो. पण संध्याकाळपर्यंत ते विसरतील." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याला तेच जड गेलं. "तुम्ही काय सांगितलं ते विसरतील. आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलं, एवढं मात्र मनात राहील. तसंच होतं त्यांचं. फोन आल्यापासून जेवले नाहीत."

"मग मी काय करू?"

"रोज या. रोज सांगा. ते रोज पहिल्यांदाच ऐकतील."

त्याने कठडा सोडला.

"किती वाजता येऊ?"

"संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा जागे असतात आणि जरा बोलतात."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याने बेल वाजवली. दार गुरुजींनीच उघडलं. त्याला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला, मग चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"अरे, तू होय. बरं झालं आलास. मला तुझी माफी मागायची होती रे. कशाबद्दल, ते आत्ता आठवत नाही बघ."

काटेकोरने बूट काढले, आत जाऊन त्यांच्यासमोर बसला आणि यावेळी त्यांच्याकडे बघत, पहिल्यापासून सांगायला लागला.